गुरगुरण्याचा अर्थ

घरचा कुत्रा घरच्याच मुलाला चावला की घरातील मंडळी एकच वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारतात : कुत्रा एकाएकी चावला. आजच्या व्याख्यानाचा विषय या ‘एकाएकी’ शब्दापासूनच सुरू होतो, कारण निरोगी कुत्र्याच्या बाबतीत तो क्वचितच खरा असतो. चावण्याआधी कुत्रा बराच वेळ काहीतरी सांगत असतो. ते ऐकणारे घरात कोणी नसते, किंवा असलेच तर त्या सांगण्याबद्दल त्याने कुत्र्याला शिक्षा केलेली असते.

चार्ल्स डार्विनचा माणसाच्या व प्राण्यांच्या भावाविष्कारांवरील ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. शत्रुभावाने पुढे सरसावणारा कुत्रा ताठ चालतो, त्याचे शेपूट वर उचललेले व कडक असते, मानेवरचे केस उभे राहतात, नजर स्थिर होते. आणि समोरचा माणूस आपला धनीच आहे असे कळताच तोच कुत्रा सारे अंग सैल सोडून खाली झुकतो, हे त्यात वर्णिले आहे. पुढील अभ्यासकांचे लक्ष या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्यांकडे गेले, आणि चाव्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते या पायऱ्यांनाच. अस्वस्थ झालेला कुत्रा प्रथम तोंड फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, समोर अन्न नसताना नाक चाटतो. त्याने भागले नाही तर उठून दूर जातो. जाता येत नसेल तर अंग चोरतो, कान मागे पाडतो, शेपूट पायांत घेतो. डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. मग क्षणभर तो अगदी निश्चल होतो. ही निश्चलता फार धोक्याची, आणि नेमकी तीच पाहणाऱ्याला शांतपणाची खूण वाटते. त्यानंतर गुरगुर, दात विचकणे, हवेत तोंड मारणे आणि शेवटी चावा. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समजही सोडावयास हवा. ताठ उभारलेले, भराभर थरथरणारे शेपूट प्रेमाचे नसते.

भुंकणारा कुत्रा चावत नाही, अशी म्हण मराठीत आहे, तशीच हिंदीतही. तिच्यात तथ्य एवढेच, की भुंकून वा गुरगुरून ज्याचे काम होते त्याला चावण्याची गरज उरत नाही. एखाद्या घरात व्हरांड्याच्या कोपऱ्यात कुत्रा हाड चघळत बसलेला असतो. तीन-चार वर्षांचे मूल रांगत त्याच्यापाशी जाते आणि त्याच्या गळ्यात हात टाकते. मागे भिंत, पुढे मूल. कुत्र्याला जायला वाट नाही. तो गुरगुरतो. वडील धावत येतात आणि कुत्र्याला चपलेने बडवतात. कुत्र्याच्या मनात यातून दोन गोष्टी बसतात : मूल जवळ आले की मार बसतो, आणि गुरगुरले तर अधिकच बसतो. मुलाची भीती कमी होत नाही, वाढतेच. नाहीसा होतो तो फक्त इशारा. पुढच्या वेळी हा कुत्रा खरोखरच न गुरगुरता चावतो, आणि मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाएवढीच असल्यामुळे जखम बहुधा चेहऱ्यावर होते.

कुत्र्याला धाकात ठेवावे, आपण कळपाचे नायक आहोत हे त्याला दाखवावे, या उपदेशालाही शास्त्राचा आधार सांगितला जातो. हा आधार तपासण्याजोगा आहे. रुडॉल्फ शेंकेल याने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली निबंध लिहिला; त्यातून नायकत्वाच्या झुंजीची कल्पना रूढ झाली. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात ती पुढे नेली आणि १९९९ मध्ये स्वतःच तिला मुरड घातली : रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या मालकांनी कुत्र्याला मारून वा लाथाडून पाहिले, त्यांपैकी सुमारे ४३ टक्के मालकांच्या कुत्र्यांनी उलट आक्रमक प्रतिसाद दिल्याचे आढळले. धाकाने धोका वाढतो, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

खरा प्रतिबंध पिल्लूपणीच होतो. १९६१ साली फ्रीडमन, किंग व एलियट यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगात काही पिल्ले उंच कुंपणाच्या आत माणसाच्या सहवासाविना वाढवली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटला नाही, ती माणसाला भिऊन दूरच राहू लागली. सुमारे तीन ते बारा आठवडे हा काळ मैत्री जडण्याचा. म्हणून आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू आईजवळ व भावंडांत राहावे. खेळात जोरात चावले तर खेळ थांबतो, हे ते तेथेच शिकते. घरी आल्यावर माणसांनीही तेच करावे : ओरडू नये, हात झटकू नये, खेळ थांबवून उठून जावे. आपल्याकडे पिल्लाला याच दिवसांत फाटकापाशी साखळीने बांधतात आणि ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावतात. पाटी पुढे खरी ठरते, यात नवल नाही.

एरवीचा शांत कुत्रा अचानक चिडखोर झाला तर आधी कान, दात व सांधे पशुवैद्याला दाखवावेत. मुलांना कुत्र्याच्या जेवणात व झोपेत लुडबुड करू देऊ नये. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये, कुत्रा कितीही गरीब असो. आणि कुत्रा गुरगुरला तर मुलाला शांतपणे उचलून घ्यावे; कुत्र्याला काही करू नये.

एवढे करूनही चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने लोक टाळाटाळ करीत. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती लस भारतात २००४ अखेर बंद झाली, आणि आताची लस दंडात देतात. रक्त आले असेल तर जखमेत तयार प्रतिद्रव्येही टोचावी लागतात. कुत्र्याला मारून टाकू नये किंवा हाकलूनही देऊ नये. लस चालू ठेवून त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी, कारण चावतेवेळी त्याला रेबीज असेल तर तेवढ्या मुदतीत तो आजारी पडतो व मरतो.