पिकअपच्या हौद्यात डिझेलची जादा टाकी



रब्बीच्या पेरणीचे दिवस आले की डिझेलची ओढाताण सुरू होते. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरला जुंपला तर ताशी पाच-सहा लिटर डिझेल सहज पितो. सकाळी भरलेली टाकी दिवस मावळायच्या आत तळाला जाते. पंप असतो पंधरा-वीस किलोमीटरवर. ट्रॅक्टर घेऊन तिकडे जावे तर अर्धा दिवस मोडतो आणि तेवढ्यात वाफसा निघून जातो. म्हणून हल्ली पुष्कळ मंडळी पिकअप गाडीच्या हौद्यात पीप टाकून डिझेल थेट बांधावर नेऊ लागली आहेत. कल्पना चांगली आहे, तिला माझा विरोध नाही. पण ते पीप नेतात कसे? सुतळीच्या दोरीने बांधलेले, त्याच्यावर दोन मजूर बसलेले आणि एकाच्या तोंडात बिडी! हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आज याच विषयावर बोलायचे ठरवले.

आता तुम्ही म्हणाल, डिझेल काही पेट्रोलसारखे पेटत नाही. खरे आहे, पण अर्धेच खरे. आपल्याकडे मिळणाऱ्या डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे डिझेल त्याहून जास्त तापले की त्याच्यावर पेट घेण्याजोगी वाफ जमू शकते. आता आपल्या मराठवाड्यातला, विदर्भातला वैशाखातला उन्हाळा आठवा. सावलीतच पारा चाळिशीच्या पुढे असतो. उन्हात उभ्या गाडीतले काळे पीप किती तापत असेल, त्याला हात लावून पाहा. हिवाळ्यात जे डिझेल काडीला दाद देत नाही, ते मे महिन्यात तसेच वागेल असे धरून चालू नका.

टाकी बसवण्याचे दोन प्रकार आहेत. एक, जादा टाकी नळीने गाडीच्या इंजिनाला किंवा मूळ टाकीला जोडायची. दुसरा, टाकी नुसती वाहतुकीसाठी ठेवायची आणि हातपंपाने तिच्यातले डिझेल ट्रॅक्टरमध्ये किंवा इंजिनात भरायचे. शेतकऱ्याने दुसराच प्रकार धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हौद्यातली टाकी मूळ टाकीपेक्षा उंच असते. कॉक चुकून उघडा राहिला तर डिझेल आपोआप खाली उतरत राहते, मूळ टाकी भरून वाहू लागते आणि ते जाते कुठे? तर तापलेल्या सायलेन्सरवर. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. इंजिनाच्या नळ्यांना हात न लावलेला बरा. गाडीला लागणारे डिझेल गाडीच्या टाकीत आणि ट्रॅक्टरचे डिझेल जादा टाकीत, हा हिशेब सरळ राहतो.

परवान्याचे काय, असे काही जण विचारतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेल 'ब' वर्गात येते. एका जागी एकूण साठा २,५०० लिटरपेक्षा जास्त नसेल आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर साठवायला आणि न्यायला परवाना लागत नाही. आपल्याला २०० लिटर पुरे, तेव्हा ती काळजी नको. पेट्रोलचा नियम मात्र फार कडक आहे. फवारणी पंपाचे पेट्रोल या टाकीत कधीही घालू नका, थोडेसेसुद्धा नाही. थोडे पेट्रोल मिसळले तरी डिझेलचा ज्वलनबिंदू एकदम खाली येतो.

आता टाकी कोणती घ्यायची? इथे सगळ्यात मोठा धोका सांगतो, तो कान देऊन ऐका. पुष्कळ जण तेलाचे जुने पीप स्वस्तात आणतात आणि वेल्डिंगवाल्याकडे नेऊन त्याला तोटी बसवून घेतात. पीप रिकामे आहे, त्यात काय पेटणार, असे त्यांना वाटते. बंधूंनो, भरलेल्या पिपापेक्षा रिकामे पीप जास्त घातक. तळाला चिकटलेले पावशेर डिझेल वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होते, ती वाफ आत कोंडलेल्या हवेत मिसळते आणि ठिणगी तर शेजारीच असते. झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडते. नुसते पाण्याने विसळून हा धोका जात नाही. जुन्या पिपाला वेल्डिंग नको, गॅस कटर नको, ग्राइंडरसुद्धा नको. नवी तयार टाकी घ्या, नाही तर दोन बूच असलेले चांगले पीप घेऊन त्याच्या आट्यांमध्ये बसणारा हातपंप लावा. तोटी पाडायची गरजच पडत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जीआय पाइप डिझेलला वापरू नका. जस्त आणि डिझेल यांचे पटत नाही. त्यांचा साबणासारखा साका तयार होतो आणि तो फिल्टर व नोझल चोंदवतो. साधे पोलाद किंवा ॲल्युमिनियम चालते. पाण्याची प्लॅस्टिक टाकी मात्र डिझेलसाठी केलेली नसते.

नवी टाकी करून घेणार असाल तर आत आडवे पडदे घालायला सांगा. अर्धी भरलेली टाकी वळणावर फार हिंदकळते, पडद्यांनी ते कमी होते. वरच्या झाकणाला हवेची बारीक नळी हवी. ती नसेल तर उन्हात टाकी फुगते आणि उपसताना चिपाडासारखी आत बसते. नळीचे तोंड खाली वळवून त्याला बारीक पितळी जाळी लावावी, म्हणजे पाऊस आणि धूळ आत जाणार नाही.

आता बसवायचे कसे ते पाहू. २०० लिटर डिझेलचे वजन १६५ किलोच्या आसपास भरते. पिपाचे वजन धरले तर १८० किलोच्या वर. तीन जाड माणसे हौद्यात बसली म्हणा ना! फरक एवढाच, की माणूस ब्रेक लागला की कठड्याला धरतो, पीप धरत नाही. गाडी थांबते, पीप थांबत नाही. ते केबिनच्या पत्र्यावर जाऊन आदळते. म्हणून टाकी केबिनला लागून, हौद्याच्या मधोमध ठेवावी. मागच्या फाळक्याशी कधीच नको. तिथे ठेवली तर पुढची चाके हलकी होतात आणि मागून कोणी धडकले तर पहिला मार टाकीला.

हौद्याचा नुसता पत्रा भरवशाचा नाही. बोल्ट त्याच्याखालच्या आडव्या चॅनेलमधून न्या आणि खालून जाड पट्टी लावून आवळा. स्प्रिंग वायसर किंवा लॉकनट घाला, कारण आपले रस्ते साधा नट सैल करतात. टाकीखाली रबराची जाड पट्टी द्या म्हणजे घासून भोक पडणार नाही. रबरामुळे टाकी आणि गाडीचे लोखंड एकमेकांपासून तुटते, म्हणून एक तांब्याची जाड वायर टाकीपासून चेसिसला जोडून घ्या. डिझेल नळीतून वाहताना जी वीज साचते ती या वायरीने निघून जाते. आणि हो, ड्रिल लावण्याआधी एकदा गाडीखाली आडवे होऊन पाहा. हौद्याच्या पत्र्याखाली ब्रेकची नळी, वायरिंग आणि काही गाड्यांत खुद्द डिझेलची मूळ टाकी असते. एका गृहस्थांनी घाईघाईत भोक पाडले आणि बरोबर ब्रेकच्या नळीवर! हे पहिल्याच उतारावर कळले. नशीब की समोर चढ होता.

सायलेन्सर कोणत्या बाजूने जातो तेही बघा. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी जाळणारा फिल्टर असतो. काजळी जाळताना तो नेहमीपेक्षा पुष्कळच तापतो. गळकी टाकी त्याच्या डोक्यावर नको, आणि वाळल्या कडब्यावर गाडी उभी करणेही नको.

पंपावर भरताना टाकी काठोकाठ भरू नका. डिझेल वीस अंशांनी तापले तर २०० लिटरमागे तीन लिटरच्या वर फुगते. १९० लिटरवर थांबा. नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेले असू द्या. सुटे कॅन भरायचे असतील तर ते हौद्यातून उतरवून जमिनीवर ठेवा आणि मगच भरा. हौद्यातल्या प्लॅस्टिकच्या किंवा रबरी मॅटवर कॅन ठेवून भरणे धोक्याचे, कारण साचलेल्या विजेला निघून जायला वाट मिळत नाही.

डिझेलची गाडी आणि माणसांची गाडी एकच, हे बंद झाले पाहिजे. बायामाणसे खुरपणीला न्यायची तर वेगळी खेप करा. त्याच खेपेत कापूस, कडबा किंवा बियाण्याची पोतीही नकोत. बियाण्यावर डिझेल सांडले तर उगवण बिघडते. विहिरीच्या काठावर डिझेल भरायचे नाही, हे सांगायला नको. थोडेसे डिझेलसुद्धा विहिरीचे पाणी पिण्याच्या कामातून घालवते.

रबरी नळी तोंडाने ओढून डिझेल काढायची आपल्याकडे जुनी खोड आहे. ती सोडा. घोट पोटात गेला तर मळमळ होते, पण फुप्फुसात गेला तर न्यूमोनियासारखा घातक आजार होतो आणि माणूस दगावू शकतो. कोणाच्या पोटात गेलेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीत तेच डिझेल श्वासनळीत उतरते. त्याला काही खाऊपिऊ न घालता लगेच दवाखान्यात न्या. एका हातपंपाची किंमत दवाखान्याच्या एका फेरीपेक्षा नक्कीच कमी असते.

पाण्याविषयी दोन शब्द. उभे पीप उघड्यावर ठेवले तर त्याच्या डोक्यावर पावसाचे पाणी साचते. रात्री पीप थंड झाले की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढले जाते. बूच घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पीप सावलीत छपराखाली ठेवा. ते जमत नसेल तर आडवे ठेवा आणि दोन्ही बुचे एका ओळीत, जमिनीला समांतर येतील असे फिरवा. तळाला जमलेले पाणी आणि गाळ ट्रॅक्टरमध्ये जाऊ नये म्हणून पंपाची नळी तळापासून दोन-तीन इंच वर ठेवा आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर लावा. टाकीला खाली बोळा असेल तर आठवड्यातून एकदा थोडे सोडून बघा. शेवाळासारखा बुळबुळीत गाळ दिसला तर टाकी साफ केल्याशिवाय तिच्यातले डिझेल वापरू नका.

गाडीत कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे ठेवा, हौद्यात नव्हे, ड्रायव्हरच्या हाताशी. डिझेलच्या आगीवर पाण्याचा फवारा मारू नका. पेटते डिझेल पाण्यावर तरंगत पसरते. माती, वाळू, ओले गोणपाट हे आपल्या हाताशी असतेच.

टाकी बसवून झाली की पहिल्या दिवशी वीसच लिटर डिझेल भरा आणि गाडी शेतरस्त्यावर फिरवून आणा. परत आल्यावर प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवा. डाग उमटला तर तिथे गळती आहे. आठ दिवसांनी सगळे नट पुन्हा एकदा पान्याने आवळून घ्या.