भाकरीच्या गावात बिनभाकरीचे अठरा दिवस

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर.)

जेवलात का? नसाल जेवलात तर हा भाग जेवताना ऐका. आणि ताटाकडे बघत ऐका, कारण आज ताटाबद्दलच बोलायचंय.

मी मंगळवेढ्याची. सोलापूर जिल्ह्यातलं हे गाव ज्वारीचं कोठार म्हणून ओळखलं जातं. इथल्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमचे आप्पा म्हणजे माझे वडील ज्वारी पिकवतात. त्यांचे वडीलही तेच करायचे. आणि अशा घरात मी एक दिवस जाहीर केलं, "आजपासून मी भाकरी खाणार नाही."

घरात एकदम शांतता. आई पोळपाट पुसत होती, ती थांबली. आज्जी म्हणाली, "आगं, दामाजीपंतानं जीव धोक्यात घालून कोठार उघडलं, आन् तू घरातलं बंद करतीस?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दामाजीपंत बिदरच्या बादशहाच्या काळात मंगळवेढ्याचे अंमलदार होते. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याचं कोठार लोकांसाठी खुलं केलं, अशी कथा आहे. आमच्या गावात धान्याला नाही म्हणणं ही साधी गोष्ट नाही, एवढंच समजा.

मी असं का केलं? पुण्यात नोकरी करताना कंपनीतर्फे तपासणी झाली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी जी टेस्ट असते, एचबीए1सी, ती माझी 6.1 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वय 28. घाबरले. मग रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि "पॅलिओ" हा शब्द सापडला. घरून काम करायची परवानगी होती, म्हणून गावी आले आणि ठरवलं, तीस दिवस करून बघायचं.

पॅलिओ म्हणजे काय, थोडक्यात. शेतीचा शोध लागायच्या आधी माणूस जे खात असेल तसं खायचं. भाज्या, फळं, कंद, सुकामेवा, नारळ, मांस, मासे, अंडी चालतात. धान्य, डाळी, दूध, साखर आणि पाकिटातलं काही चालत नाही. 1985 साली ईटन आणि कॉनर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी अश्मयुगातल्या आहारावर एक लेख लिहिला, तिथून ही कल्पना डॉक्टर मंडळींच्या चर्चेत आली. पुढे 2002 साली लॉरेन कॉर्डेन यांचं पुस्तक आलं आणि ती घराघरात पोचली. अर्थात अमेरिकेतल्या घराघरात! मंगळवेढ्यात ती माझ्याबरोबर एसटीनं आली.

आता खरी गंमत ऐका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आज्जी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तू जे करतीस ते आम्ही वर्षातनं एकदा करतोच की. ऋषीपंचमीला."

मी बघतच राहिले!

ऋषीपंचमी म्हणजे गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, डाळ नाही. परड्यात, कुंपणावर, बांधावर जे आपोआप किंवा हातानं लावून उगवतं तेच खायचं. सोबत फार तर देवभात किंवा वरी. या व्रतामागं विटाळाची जी कल्पना आहे ती मला अजिबात पटत नाही, ते मी आज्जीलाही सांगते. पण त्या दिवसाची भाजी? ती एक नंबर आहे.

लिहून घ्या. चार माणसांसाठी.

अळूची सहा-सात पानं देठासकट, लाल माठाची अर्धी जुडी, पाव किलो लाल भोपळा, सुरणाचा तळहाताएवढा तुकडा, एक दोडका, एक छोटं पडवळ, पाच-सहा भेंड्या. लिंबाएवढी चिंच भिजवून कोळ काढायचा. दोन हिरव्या मिरच्या, मीठ, आणि अर्धी वाटी ओलं खोबरं. बस. फोडणी नाही, मसाला नाही.

आधी सुरण आणि अळूचे सोललेले देठ चिंचेच्या कोळात थोडं पाणी घालून शिजायला ठेवा. अळू आणि सुरण घशाला खाजतात, म्हणून चिंच हवीच आणि शिजणंही पूर्ण हवं. दहा मिनिटांनी भोपळा आणि दोडका, मग पडवळ, भेंडी आणि शेवटी चिरलेली पानं. मीठ, मिरची. सगळं मऊ झालं की खोबरं घालून एक वाफ. वर कच्चं खोबरं भुरभुरायचं. भोपळ्याचा गोडवा, चिंचेचा आंबटपणा आणि खोबऱ्याची चव, वेगळं काही लागत नाही.

बरेच जण मक्याचं कणीसही घालतात. मका हे धान्य, म्हणून मी गाळलं. आज्जीला ते आवडलं नाही.

दुसरी भाजी भरताची. आमच्याकडं भरतात, भाजीत, सगळ्यात शेंगदाण्याचा कूट. पण शेंगदाणा हा डाळींच्या कुळातला, म्हणजे पॅलिओत बाद! खरं सांगू? भाकरी सोडणं सोपं गेलं, शेंगाचटणी सोडणं अवघड गेलं. सोलापूरवाल्यांना कळेल. मग आईनं युक्ती काढली. पाव वाटी सुकं खोबरं आणि दोन चमचे तीळ कोरडे भाजायचे. चार लसूण पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या वांग्याबरोबरच विस्तवावर भाजायच्या. सगळं खलबत्त्यात कुटून भाजलेल्या वांग्यात कालवायचं. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, मीठ. तेलाचा एक चमचा घातला तर घातला.

तेलावरनं आठवलं. पॅलिओवाले बियांची तेलं नको म्हणतात, म्हणून मी खायचं खोबरेल आणलं. आज्जीनं बाटली बघितली आणि म्हणाली, "आगं, ह्ये डोक्याला लावायचं!" कोकणात, गोव्यात ते स्वयंपाकात चालतं, पण आमच्याकडं करडईचं तेल. ती बाटली शेवटी खरंच डोक्यालाच लागली.

तिसरी, करडईचा पाला. करडईचं पीक कोवळं असताना विरळणी करतात, तेव्हा जी रोपं उपटतात त्यांची भाजी. हिवाळ्यात ज्वारीच्या रानात पाथरी येते, तीही तशीच करता येते. एरवी यात मूगडाळ घालतात किंवा पीठ पेरतात. मी नुसता ठेचलेला लसूण, सुकी मिरची आणि मूठभर ओलं खोबरं घालून परतली. दहा मिनिटांत तयार.

आणि फळं. डाळिंब आमच्याकडं मुबलक, सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहे. शिवाय बोरं, पेरू, सीताफळ, कवठ. एकच गोष्ट, फळ चावून खायचं, रस काढून प्यायचा नाही. साखरेची काळजी असेल तर हे महत्त्वाचं.

आता अडचणीची बाजू. ती सांगितली नाही तर हा भाग म्हणजे जाहिरात होईल.

पंढरपूर आमच्यापासून तासाभरावर. घर माळकरी. आज्जीच्या आणि आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. आता विचार करा. मांस, मासे, अंडी घरात नाहीत आणि डाळ, दूध, दही मी सोडलेलं. मग प्रथिनं कुठून येणार? मूठभर बदाम आणि तिळातून किती येणार? बाराव्या दिवसापासून संध्याकाळी गळून जायला लागलं. मीटिंगमध्ये डोकं चालेना. अठराव्या दिवशी जिना चढताना डोळ्यापुढं अंधारी आली. डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, "भाकरी कमी केलीस ते ठीक. डाळ आणि ताक कुणी सोडायला सांगितलं?" मला उत्तर देता येईना. सांगणारा मोबाईलमधला माणूस होता, त्याच्या ताटात रोज मासा होता.

म्हणून माझी विनंती. तुम्ही शाकाहारी असाल तर डाळ आणि दूध एकदम सोडू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धान्य एकदम बंद करू नका, साखर अचानक खाली जाऊ शकते. आणि नारळ चांगला असला तरी त्यात संपृक्त चरबी भरपूर असते. चार माणसांत अर्धी वाटी पुरते.

शिवाय "अश्मयुगात धान्य नव्हतंच" हेही तितकंसं खरं नाही. इस्राएलमध्ये गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो नावाची जागा आहे. तिथं सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचे लोक रानटी जव-गहू गोळा करून दगडावर कुटत होते, असे पुरावे मिळालेत. शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी! आणि माझ्या "पॅलिओ" भाजीतला लाल भोपळा आणि मिरची? दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. इथल्या अश्मयुगातल्या कुणी ते बघितलेसुद्धा नसणार.

मग अठरा दिवस वाया गेले का? नाही. आणि याचं श्रेय आप्पांना.

ज्या दिवशी मी सोडलं त्या रात्री आप्पा जेवताना बोलले. अठरा दिवसांत ते माझ्याशी जेवणावरून एक शब्द बोलले नव्हते. मला वाटत होतं रागावलेत. म्हणाले, "तुला वाटतं आम्ही आवडीनं तीन-तीन भाकऱ्या खाल्ल्या? आगं, पाणीच नव्हतं. भाजीला पाणी लागतं. ज्वारीला लागत नाही."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं पाऊस वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास. पण काळी माती ओल धरून ठेवते. पावसाळा सरताना ज्वारी पेरली की त्या ओलीवर ती येते, वर पाणी दिलं नाही तरी. माणसाला दाणा, जनावराला कडबा. म्हणून ताटात भाकरी मोठी आणि भाजी चमचाभर. म्हणून आपल्या भाषेत भाजीला शब्दच "तोंडी लावणं". भाकरी गिळायला मदत म्हणून भाजी! ती कुणाची आवड नव्हती, ते जमिनीचं आणि पाण्याचं गणित होतं. शिवाय दिवसभर औत धरणारा माणूस तीन भाकऱ्या जिरवायचा. मी दिवसभर खुर्चीत बसते आणि ताट मात्र औत धरणाऱ्याचं वाढून घेते.

आता गावात नळ आहे, बाजारात बारा महिने भाजी आहे, परड्यात शेवगा आणि अळू आहे. तरी आमच्या ताटात भाजी चमचाभरच राहिली होती. पाणी आलं, पण ताट बदललं नाही.

म्हणून मी आता एवढंच करते. ताटात आधी भाजी वाढून घेते, अर्धं ताट भरेल इतकी. एक कच्ची, एक शिजलेली. मग वाटीभर आमटी किंवा ताक. आणि शेवटी एक भाकरी, आप्पांच्या ज्वारीची. भाकरीला भाजी लावून खात होते, आता भाजीला भाकरी लावून खाते. आठवड्यातला एक दिवस आमच्याकडं ऋषीची भाजी असते, ऋषीपंचमीची वाट न बघता. जेवणानंतर वीस मिनिटं चालते. तीन महिन्यांनी टेस्ट 5.8 आली. हे एका माणसाचं झालं, त्यावरून नियम काढू नका. पण मला बरं वाटतंय.

आणि घरातली बातमी. परवा आप्पा जेवायला बसले, आईनं नेहमीप्रमाणे दुसरी भाकरी वाढायला घेतली. त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "भाजी हाय का अजून?"

आज्जी माझ्याकडं बघून हसली. बोलली काहीच नाही.

तर मंडळी, तुमचं एक काम. आज रात्री ताट वाढून घेतलं की जेवायच्या आधी क्षणभर बघा, भाजी किती आणि भाकरी, पोळी किंवा भात किती. काही सोडू नका, फक्त बघा. आणि तुमच्या आज्जीला विचारा, ऋषीपंचमीला तुमच्याकडं भाजीत काय काय घालतात. प्रत्येक घराची यादी वेगळी निघेल. मला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवेन.

चला, भाजी गार होतीय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!