पावसाळी पहाट आणि बीडची हरणं

बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या माळांवर काळविटांचे कळप आढळतात. उघड्या रानात वेग हेच त्यांचं संरक्षण. पण रात्री पाऊस झाला, की पहाटे काळ्या मातीचा चिकट चिखल खुरांना लगडतो, पाय रुततात, पळ मंदावतो. मोकाट कुत्री नेमकी तेव्हाच गाठतात. शिकारीही हीच वेळ साधत. पूर्वी फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने, वाऱ्याची दिशा सांभाळत कळपाजवळ सरकत आणि फासे मांडत. कसब मोठं दांडगं, पण आज तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत असून, त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

शेतकऱ्याचं दुखणंही खरंच. सोयाबीन, मुगाचे कोवळे शेंडे कळप रातोरात खुडून नेतो. तरीही फासा, कुंपणात सोडलेली वीज किंवा बंदूक कायद्याला मान्य नाही. नुकसान होताच मुदतीत वन विभागाकडे अर्ज करायचा. पंचनाम्यानंतर नियमानुसार भरपाई मिळते.