शंभर यार्डांची राखण



तंबाखूचा व्यापार नव्या ग्राहकावाचून टिकत नाही आणि हा ग्राहक बहुधा शालेय वयातच हेरला जातो. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत होते. २००३ च्या अधिनियमाने तंबाखूच्या जाहिरातींवर, १८ वर्षांखालील व्यक्तींना होणाऱ्या विक्रीवर आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आतील विक्रीवर बंदी घातली. तरीही त्याच नावाचा पानमसाला वा वेलची जाहिरातींतून मिरवते आणि सुटी सिगारेट मुलांच्या खिशाला परवडते.

कायदा सीमा आखतो. ती राखावी लागते समाजाला. नागालँडमधील गारिफेमा या गावाने ग्रामपरिषदेच्या ठरावाद्वारे सेवन व विक्रीस दंड ठरविला. २०१४ मध्ये ते देशातील पहिले तंबाखूमुक्त गाव म्हणून घोषित झाले. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाने शासन, स्वयंसेवी संस्था व ग्रामस्थ यांना एकत्र आणले. दोन्ही ठिकाणी निर्णयात गावाचा सहभाग होता, म्हणूनच त्याला वजन आले.

उद्या आपणांपैकी काहीजण प्रशासनात जातील. पण १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर; आपल्या महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारापासून ते मोजण्यास अधिकारपदाची वाट पाहावी लागत नाही.