लॅटिनचे सोवळे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१३८१ साली इंग्लंडमधील शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा अनेक गावी त्यांनी जमीनदारांच्या न्यायसभांची दप्तरे जाळली. ती दप्तरे लॅटिनमध्ये होती. बहुतेक बंडखोरांना त्यांतील अक्षरही वाचता येत नव्हते. परंतु कोण भूदास आणि मालकाच्या शेतावर कोणी किती राबायचे, हे त्याच कागदांत बांधलेले आहे, हे ते पुरते ओळखून होते. इंग्लंडच्या न्यायालयांतील लॅटिनचा अंमल संपला तो थेट १७३३ साली.

आज मध्ययुगाच्या इतिहासकाराला लॅटिन यावे लागते. यात गैर काही नाही. दक्षिण फ्रान्समधील माँतायू गावचा मेंढपाळ पिएर मोरी आपल्याला भेटतो तो बिशप झाक फूर्निए याच्या चौकशीच्या लॅटिन दप्तरात. मोरी बोलला आपल्या बोलीत. लेखनिकाने ते उतरवले लॅटिनमध्ये. त्या जबानीत मेंढपाळ किती आणि लेखनिक किती, हे पारखायचे तर मूळ वाचता आलेच पाहिजे.

आक्षेप आहे तो साधनाचे सोवळे करण्याला. २०२१ साली ब्रिटिश सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार लॅटिन शिकवणाऱ्या सरकारी शाळा होत्या शेकडा २.७, तर खाजगी शाळा ४९. मग विद्यापीठात पोचलेल्या कामगाराच्या मुलाला पंचविशीत धातुरूपे घोकावी लागतात, आणि बालपणी फी भरून मिळालेल्या शिक्षणाला ‘बुद्धिमत्ता’ असे नाव मिळते. वारशाला गुणवत्ता म्हणण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

पण डाव्यांनीही येथे आत्मपरीक्षण करावे. सरकारी शाळांत लॅटिन शिकवण्याची योजना हुजूर पक्षाच्या सरकारने २०२१ मध्ये जाहीर केली. तिचा निधी २०२५ च्या फेब्रुवारीत, शालेय वर्ष चालू असतानाच, थांबवला तो मजूर पक्षाच्या सरकारने! पैशाची ओढ होती हे मान्य. परंतु याने खाजगी शाळांतील एकही लॅटिनचा वर्ग बंद झाला नाही. बंद झाली ती गरिबाची वाट.

भाषा उच्चभ्रूंची नसते. तिच्याभोवतीचे कुंपण उच्चभ्रूंचे असते. १३८१ च्या शेतकऱ्यांना दप्तर जाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांच्या वंशजांना ते वाचता यावे, हीच समाजवाद्यांची मागणी असली पाहिजे.