रिकामे कोंदण



करवंदीच्या जाळीत हात घातला आणि काटा लागला नाही, असा माणूस आपल्यात विरळा. बोटावर रक्ताचा लाल थेंब उभा राहतो आणि आपण तो जाळीतल्याच एखाद्या हिरव्या पानाला पुसून टाकतो. एक रंग प्राण्याचा, दुसरा वनस्पतीचा. या दोहोंत काही नाते असेल अशी शंकाही त्या वेळी मनाला शिवत नाही. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती दोन भावंडे आहेत. रक्ताला लाली देणारे हीम आणि पानाला हिरवेपणा देणारे हरितद्रव्य यांचा मूळ सांगाडा एकच. त्या कुळाला पॉर्फिरिन म्हणतात; हे नाव जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. आजचे चार शब्द या कुळाविषयी.

हा सांगाडा डोळ्यांपुढे आणावयाचा तर सोनाराचे दुकान आठवावे. कार्बनचे चार अणू आणि नायट्रोजनचा एक, असे पाच अणू मिळून एक लहान कडी होते; तिचे नाव पायरोल. अशा चार कड्या एकेका कार्बन अणूच्या दुव्याने गुंफल्या की एक मोठे, सपाट वलय तयार होते. चारही नायट्रोजन आतल्या बाजूस तोंड करून बसतात आणि मधोमध एका धातूच्या अणूपुरती जागा उरते. हे झाले कोंदण. त्यात लोह बसविले की हीम. कोंदणाच्या घडणीत थोडा फेरफार करून मॅग्नेशियम बसविले की हरितद्रव्य. वलयात एकेरी व दुहेरी बंध आलटून-पालटून येत असल्यामुळे त्यातील इलेक्ट्रॉन एका जागी जखडलेले नसतात. ते साऱ्या वलयावर पसरतात. म्हणूनच हे पदार्थ प्रकाश मोठ्या अधाशीपणाने शोषून घेतात. पॉर्फिरिनांच्या बाबतीत जांभळ्या प्रकाशाचा, ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा, पट्टा तर जवळजवळ गिळलाच जातो.

एवढे मोठे वलय निसर्गात असेल हे पूर्वी कोणाला खरे वाटत नव्हते. १९१२ साली जर्मन रसायनज्ञ विल्यम क्यूस्टर यांनी हीमसाठी चार कड्यांच्या वलयाचे चित्र मांडले, तेव्हा इतके अवाढव्य वलय टिकणारच नाही, असा बहुतेकांचा ग्रह होता. म्यूनिकचे हान्स फिशर यांनाही ते आरंभी पटले नव्हते. पुढे फिशर यांनीच ते सिद्ध केले, आणि तेही वाद घालून नव्हे, तर वलय स्वतः बांधून. दोन-दोन कड्यांचे अर्धे भाग आधी वेगळे तयार करावयाचे, मग ते वितळलेल्या आम्लात एकत्र तापवून जोडावयाचे, अशी त्यांची रीत. खरी मेख होती ती वलयाच्या बाहेरील कडेस. तिथे तीन प्रकारचे मिळून आठ लहान गट लोंबत असतात आणि ते एकंदर पंधरा निरनिराळ्या क्रमांनी लावता येतात. रक्तात यांपैकी कोणता क्रम? फिशर यांच्या यादीतील नववा तेवढा रक्ताशी जुळला. आजही रसायनशास्त्राच्या पुस्तकांत त्या द्रव्याच्या नावापुढे नऊचा आकडा लिहिला जातो, तो या यादीची खूण म्हणून. १९२९ साली त्यात लोह घालून फिशर यांनी रक्तातील हेमिन प्रयोगशाळेत तयार केले आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या क्यूस्टर यांचे चित्र खरे ठरले, ते १९२९ सालीच वारले. हरितद्रव्याची संपूर्ण बांधणी मात्र १९६० साली अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांच्या हातून झाली.

आता मला ज्या प्रश्नाकडे यावयाचे आहे तो असा, की कोंदण रिकामेच राहिले तर काय होते?

१९१२ सालीच ऑक्टोबर महिन्यात फ्रीड्रिख मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने याचे उत्तर आपल्याच देहावर शोधले. रक्तापासून काढलेले लोहरहित पॉर्फिरिन त्याने २०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर, स्वतःच्या शिरेत टोचून घेतले. अंधारात काही बिघडले नाही. परंतु तो उन्हात गेला आणि चेहरा व हात ओळखू येऊ नयेत इतके सुजले. कपड्याखालील कातडी जशीच्या तशी. पुढे कित्येक महिने त्याला ऊन सोसवत नव्हते. त्या सुजलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे त्याने आपल्या निबंधासोबत छापली. असल्या धाडसाला शहाणपण म्हणावे की नाही याविषयी माझे मन अजून ठरलेले नाही.

मायर-बेट्झने हे दुःख काही महिने, आणि तेही आपल्या मर्जीने, सोसले. माथियास पेट्री नावाच्या माणसाला ते जन्मतःच मिळाले होते. आपले शरीर हे वलय रोज घडवीत असते. एका साध्या द्रव्याचे आठ रेणू घेऊन त्यांच्या चार कड्या करावयाच्या आणि वलय मिटविताना चौथी कडी उलटी करून बसवावयाची, हा त्यातील नाजूक टप्पा. ती उलटविणारे विकर ज्याच्या शरीरात जन्मतः दुबळे, त्याची कडी सुलटीच बसते. असले वलय हीमच्या कामाचे नाही. त्यात लोह कधीच जात नाही. ते रक्तात, कातडीत, हाडांत साचत राहते. पेट्रीची लघवी लाल होती, दात तांबूस होते. उन्हाने झडून-झडून बोटे विद्रूप झाली होती. फिशर यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत मदतनिसाचे काम दिले. तेथे तो हाताखाली काम करी आणि स्वतःच्या देहातील द्रव्यही अभ्यासाला देई. फिशर यांनी ओळखलेली कित्येक पॉर्फिरिने या एका माणसाच्या मलमूत्रातून आली आहेत. तो १९२५ साली वारला. मृत्यूनंतर त्याची हाडेही तपासली गेली. नोबेलच्या यादीत पेट्रीचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या पारितोषिकातील त्याचा वाटा मला लहान वाटत नाही. फिशर यांचा शेवटही सुखाचा झाला नाही. महायुद्धात बाँबवर्षावाने त्यांची प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली आणि मार्च १९४५ मध्ये त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले.

रिकाम्या कोंदणाची ही विषबाधा होते तरी कशी? प्रकाश गिळल्यावर आलेली ऊर्जा वलयाला कोठेतरी टाकावी लागते. मध्ये लोह असले तर ती क्षणार्धात उष्णतेच्या रूपाने निवते. म्हणून आपल्या नसांतून एवढे हीम वाहत असूनही ऊन आपल्याला त्या रीतीने बाधत नाही. धातू नसला तर वलय बराच काळ चेतलेले राहते आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देते. असा चेतलेला ऑक्सिजन जवळच्या पेशी जाळीत सुटतो. मग पानाचे काय, असे आपण विचाराल. त्यातला मॅग्नेशियम तर ऊर्जा निववीत नाही. खरे आहे. पानाला तीच ऊर्जा अन्न तयार करण्यासाठी हवी असते, आणि चुकून सांडलेली ऊर्जा झेलण्यासाठी गाजराच्या रंगाच्या जातीची पिवळी-नारिंगी द्रव्ये हरितद्रव्याच्या अगदी जवळ पहाऱ्याला बसविलेली असतात.

पुढे वैद्यांनी हेच विष औषधाच्या कामी लावले. अमेरिकेतील बफेलो येथे थॉमस डॉगर्टी यांनी १९७० नंतरच्या दशकात त्याचा पाठपुरावा केला. पॉर्फिरिन शिरेतून द्यावयाचे, ते अर्बुदात साचू द्यावयाचे आणि नेमक्या त्याच जागी लाल प्रकाश टाकावयाचा. कॅनडात १९९३ साली या उपचाराला प्रथम मान्यता मिळाली. मेंदूच्या काही अर्बुदांच्या शस्त्रक्रियेत तर रोग्याला आधी ते आठ रेणूंचे साधे द्रव्यच पाजतात. अर्बुदाच्या पेशी त्यापासून आपणच पॉर्फिरिन घडवितात आणि निळ्या-जांभळ्या दिव्याखाली लालसर चमकू लागतात. कोठवर कापावयाचे ते शल्यविशारदाला दिसते.

शिरेतून औषध घेतलेल्या रोग्याला घरी पाठविताना एक सूचना देतात. निदान तीस दिवस उन्हात जावयाचे नाही. उन्हापासून वाचविणारी मलमे येथे उपयोगाची नाहीत, कारण बाधणारा प्रकाश नेहमीचा, डोळ्यांना दिसणारा आहे. मात्र अंधाऱ्या खोलीत कोंडूनही घ्यावयाचे नाही. घरातला मंद उजेड अंगावर पडू द्यावयाचा. त्या उजेडानेच कातडीत उरलेले द्रव्य हळूहळू विरून जाते.