चित्र तयार, पडदा काळा

ग्राफिक्स ड्रायव्हर लिहायला बसलेल्यांना मी आधी एक छोटं काम समजावतो: सुरुवातीचे, म्हणजे डिफॉल्ट रंग भरणं. उदाहरण घेऊ १९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीएचं.

व्हीजीएच्या २५६ रंगांच्या मोडमध्ये पिक्सेलपाशी रंग नसतोच. तिथे असतो ० ते २५५ मधला एक क्रमांक. त्या क्रमांकाचा रंग कोणता, हे पॅलेट नावाचा तक्ता ठरवतो. प्रत्येक ओळीत तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. आता तक्ताभर शून्यं असतील, तर? मेमरीतलं चित्र बिनचूक, पण पडदा काळा. अडचण सांगणारा संदेशसुद्धा काळ्यावर काळा!

म्हणून पहिली गोष्ट: तक्ता कोणीतरी भरलेला असेल, असं धरू नका. बायोस तो भरतो, पण मधल्या एखाद्या प्रोग्रामने तो बदललेला असू शकतो. सुरुवातीचा क्रमांक एकदा द्या आणि ७६८ आकडे ओळीने पाठवा; पुढची ओळ हार्डवेअर आपोआप घेतं. स्लीपमध्ये कार्डाची वीज तुटली असेल, तर जागं झाल्यावर पुन्हा भरा.

दुसरी गोष्ट: माप. मूळ व्हीजीएत प्रत्येक आकड्याला सहाच बिट, म्हणजे ० ते ६३. सवयीने १२८ पाठवलात, तर वरचे दोन बिट गळतात आणि उरतं शून्य. मागितला करडा, मिळाला काळा. आधी चारने भागा.

तिसरी गोष्ट: डिफॉल्ट रंग नुसत्या गणिताने ठरत नाहीत. क्रमांक ६ ला लाल ४२, हिरवा ४२ दिला, की मळकट पिवळा येतो. डिफॉल्ट पॅलेटमध्ये तिथला हिरवा २१ आहे, म्हणून तो तपकिरी दिसतो. क्रमांक १ चा गडद निळा मात्र काळ्यावर वाचताना डोळे ताणावे लागतात. अक्षरांसाठी तो निवडू नका.

आज पिक्सेलमध्ये थेट रंग असतो, तरी वाटेत गॅमाचा तक्ता असतोच. तिथेही सुरुवातीला ‘जे आत, तेच बाहेर’ अशी सरळ चढण भरायची.

ड्रायव्हर सुरू झाला, की ० ते १५ क्रमांकांच्या पट्ट्या काढून बघा. क्रमांक ६ तपकिरी दिसला, तर पुढच्या कामाला लागा.